सोललेली पट्टी

ओझरहून सुटलेल्या बसमध्ये सुवर्णाचा डोळा लागत होता, तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या दोन आरोग्यसेविकांचं बोलणं तिच्या कानावर आलं.

"लताताई, डेंग्यू तपासायची नवी कागदी पट्टी वापरायला जमली का?"

"सोपी तर आहे. वरचं चकचकीत प्लास्टिक सोलायचं नि रक्ताचा थेंब टाकायचा."

"सोलता तुम्ही ते?"

"नव्या मोबाईलवरचं सोलतोच की."

"अहो, ते प्लास्टिक नाही, विरघळणारा थर आहे. रक्त तो विरघळवत सावकाश पुढं सरकतं. सोललं तर एकदम वाहून जातं, डेंग्यूची रेघ उमटतच नाही."

"मग परवा वस्तीत एकालाही डेंग्यू निघाला नाही, ते..."

"सगळ्यांच्या सोलल्या?"

"सगळ्यांच्या."

"ताई," मागून सुवर्णा म्हणाली, "माझा कुंदन त्यातलाच. तुम्ही डेंग्यू नाही म्हणालात, म्हणून तापातच त्याला घरी ठेवून निघालेय मी."