चौदा पाकिटांत एकच स्वभाव

नाही नाही, मॅडम, तुम्हाला वेड नाही लागलेलं, मी सांगतो ना — पॅकिंगच्या मावशींनी हात धरून तेच वाक्य म्हटलं, ड्रायव्हरकाकांनी तेच, वॉचमननं तेच — "वरून शांत, पण आत विचार चालूच" — बरोबर? आणि तुम्ही ते कुणालाच लिहिलेलं नाही. मी लिहिलं. बसा. तुमचं व्याख्यान अकराला, अजून वीस मिनिटं आहेत — बसा हो, हा स्टूल हलतो, पण पाडत नाही.

कसंय, गेल्या महिन्यात तुम्ही आमच्या चौदा जणांची स्वभावचाचणी घेतलीत, दोनशे प्रश्न — "गर्दीत एकटं वाटतं का?" — आता आम्ही चष्म्याच्या काचा घासणारी माणसं, दिवसभर मशीनची घूंघूं, इथं गर्दीत काय नि एकट्यात काय, ऐकूच येत नाही — ते असो. तुमच्या रिपोर्टांचा गठ्ठा आला. टपाल माझ्याकडे असतं. मी तो ठेवला काचा धुवायच्या टाकीच्या काठावर. का ठेवला? हात मोकळे हवे होते. कशाला? मावशींच्या पाठीवर "नाजूक माल, आडवा ठेवू नये" हे लेबल चिकटवत होतो. गठ्ठा गेला साबणाच्या पाण्यात. तेरा स्वभाव, मॅडम, पाच मिनिटांत विरघळले. बसतं का बघा कुठल्या सिद्धांतात.

मग काय, चाचणीबरोबर तुम्ही ते स्वभावशास्त्राची ओळख करून देणारं पुस्तक पाठवलं होतं ना, ते जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं. डोकं फिरलं. त्यातला एक पंडित म्हणतो, माणूस पाच वर्षांचा असतानाच ठरतो, पुढं नुसती भर. दुसरा म्हणतो, पाच पट्ट्या असतात, प्रत्येक जण प्रत्येक पट्टीवर कुठंतरी उभा. तिसरा म्हणतो, शाबासकी मिळाली की माणूस तसा घडतो, थोबाडीत मिळाली की तसा. आणि चौथा — हा मला आवडला — म्हणतो, स्वभाव-बिभाव झूट, माणूस जागा बघून वागतो. म्हटलं, चौघांचंही मन राखू. एक पान टाइप केलं, चौदा प्रती, चौदा पाकिटं. सगळे म्हणाले, हुबेहूब मी! मॅनेजरसाहेबांनी फ्रेम केलंय. वॉचमनची बायको म्हणे रडली — "परक्या बाईला कळला, मला वीस वर्षांत नाही कळला हा माणूस!"

हसा, पण लवकर हसून घ्या. कारण दादानं राजीनामा दिलाय.

माझा दादा हो, सख्खा. एकोणीस वर्षं एकच मशीन, मला इथं चिकटवलं तेही त्यानंच. आज सकाळी कागद साहेबांच्या टेबलावर. कारण काय, तर म्हणे, रिपोर्टात लिहिलंय. साहेब म्हणाले, मॅडमना विचारतो, त्यांनी रिपोर्ट बरोबर म्हटला तरच सही करतो. म्हणून तर तुम्हाला जिन्यात गाठलं. तुम्ही फक्त म्हणायचं, याचा रिपोर्ट चुकला, हा माणूस इथंच बरा. खोटं कुठंय त्यात? चुकलाच आहे की!

कुठलं वाक्य? "अनेक जण तुमच्यावर विसंबून असतात." बस. बाकीच्यांची छाती फुगली त्या वाक्यानं. दादानं वाचलं, घडी घातली, म्हणाला, "बघ, यांनाही कळलं." मी म्हटलं, अरे दादा, कौतुक आहे ते! त्यानं मशीनच बंद केलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, मॅडम, सुट्टीची घंटा व्हायच्या आधी.

तेरा? हो, तेराच विरघळले. कान तिखट आहेत तुमचे. सगळ्यात वरचं पाकीट कोरडं राहिलं. दादाचं. वाचलं — म्हणजे वाचलं गेलं. मला काय विचारता, तुम्हीच लिहिलंय — "ही नोकरी सोडण्याची इच्छा फार जुनी. धाकट्या भावामुळे अडकून पडल्याची भावना." धाकट्या भावामुळे! जसं काही पाठीचं दुखणंच. मग? मग काय, टाकलं तेही टाकीत, तेरांना सोबत म्हणून. आणि विसंबून असण्याचं ते वाक्य कुणासाठी घातलं होतं वाटतं? त्याच्याचसाठी. म्हटलं वाचेल, विरघळेल, राहील.

मी सव्वीसचा आहे, मॅडम. सकाळी अजून तो उठवतो. मोजे जोडीनं लावून ठेवतो — एकदा मी मुद्दाम तीन पायांचे मोजे धुवायला टाकले, तर बिचारा चौथा शोधत बसला, रविवारभर. तो गेला तर मी — मशीनचं म्हणतोय, मशीन कोण चालवणार...

अरे, दादा! काही नाही रे, मॅडमना जिना चढून दम लागला. हा शर्ट कधी घेतलास? नाही, बरा दिसतोय. काय म्हणालास? डबा? अरे, राजीनाम्याच्या दिवशीही माझ्या डब्याचं तू — खातो मी. खातो म्हटलं ना. हो पुढं.

गेला. काय बघताय? साहेबांनी विचारलं तर सांगा, रिपोर्ट बरोबर आहे. अक्षर न् अक्षर. हो, उलटंच सांगतोय आता — होऊ दे सही, जाऊ दे त्याला. बाकी तेरांची समजूत घालू कशीतरी, नाहीतर राहू दे त्यांना तसंच, खूश आहेत.

नाही, माझ्या रिपोर्टात काय होतं ते नका सांगू. नको म्हटलं ना! अकरा वाजत आले, हॉल उजवीकडे. जा हो, टपाल लावायचंय मला.