नवी कोरी चटई

नाही नाही, तिकडं नका बसू पाहुणे, तिकडनं माझं काहीच दिसत नाही — इकडं या, रोसच्या दुकानाच्या ह्या बाकड्यावर. गाठोडं होय? ते सारा खाली, काही नाही त्यात, धुवायचे कपडे आहेत. हां. आता बघा समोर. त्या नारळीच्या डावीकडनं सुरू होते ती थेट वरच्या खडकापर्यंत, ती सगळी दालचिनी. माझी. दोनशे बारा झाडं, रोपं पाठीवर वाहून एकेक करून लावलेली. तुम्ही पादांगचे व्यापारी साल बघता, पोती बघता, झाड कोण बघतं? आत्ता शेंडे लाल दिसतायत ना, ती कोवळी पानं. ती हिरवी झाली की साल सुटायला लागते, तोवर सुरी लावायची नाही. हे तुम्हाला ठाऊक असेलच म्हणा, पण सांगितलेलं बरं. — रोस, अगं रोस, पाहुण्यांना कॉफीच्या पानांचा काढा दे, करवंटीत दे, पेल्यात नको, आणि तळलेली केळी. माझ्याकडनं. आणि हसू नको, मी बोलतोय ना.

तर झाडं माझी. खालची खाचरं? तीही माझीच — म्हणजे नांगरायचो मी. सासूबाईंची होती, मग बायकोची झाली, आता मुलीची. ते शिंगांसारख्या टोकांच्या छपराचं घर? माझंच की! म्हणजे छपराचे पत्रे मी बदलले, दोनदा, एकदा तर वरनं पडलोसुद्धा. घर बायकोचं. तळं मेहुणीचं. तळ्यात पिल्लं मी सोडली होती, त्यामुळं मासे कुणाचे ते अजून ठरायचंय. म्हैस मात्र अर्धी माझी. कुठली अर्धी ते विचारू नका, बायकोचा भाऊ म्हणतो शेपटीकडची. तुम्ही का हसताय? बोलण्यावरनं तुम्ही जावा बेटावरचे दिसता, तुमच्याकडं बायको नवऱ्याच्या घरी येते, मग तुमचं छाती काढून चालतं. आमच्यात पुरुष म्हणजे जन्माचा जावई. लग्नात वाजतगाजत घेऊन जातात, बसवतात, माशाचा मधला तुकडा ताटात वाढतात. अडतीस वर्षं मधला तुकडा खाल्ला मी. पण जेवण झाल्यावर पाहुणा बसून बसून किती वेळ बसणार, सांगा.

म्हणून तर — बरं, आता तुमच्याशी कशाला लपवू, कपडे धुवायचे नाहीत. धुतलेले आहेत. चार सदरे, दोन लुंग्या, नमाजाची टोपी, आणि बायकोची एक ओढणी आहे, ती एरदानं घातली आत, मी नव्हती मागितली. एरदा माझी मुलगी. काल शंभर दिवस झाले जुसमानियारला, माझ्या बायकोला, जाऊन. जेवणं झाली, दुवा झाली, सगळं नीट झालं. शंभर दिवस झाले की नवऱ्याचं त्या घरात काम संपतं, मग त्याच्या माहेरची माणसं येऊन त्याला घेऊन जातात. रीत आहे. पुरुषाला माहेर नसतं म्हणता? आमच्यात असतं हो, आम्हालाच असतं. आज दुपारच्या नमाजानंतर माझ्या भाच्या येणार आहेत, युलिस्मार आणि देस्मा. आता उन्हं कलली खरी, पण त्यांची गुरंढोरं, पोरंबाळं, निघता निघता वेळ होतो बायकांना. येतील. तो फाटा दिसतोय ना दुकानापुढचा, उजवीकडं वर चढलं की माझं माहेर, मोठं घर, सात खणांचं. डावीकडं उतरलं की सुराव, आमचं नमाजाचं घर. तुम्ही आलात तेव्हा रस्त्यात दिसला असेल, तळ्याकाठी, लाकडी. आम्ही सगळी पोरं तिथं नमाज शिकलो, रात्री तिथंच झोपायचो ओळीनं. आता पोरं घरी झोपतात फोन छातीवर घेऊन, सुरावात वटवाघळं झोपतात.

काय म्हणालात? मुलीकडं का नाही राहत? वा! म्हणजे तिनं म्हटलंच नाही असं वाटतं का तुम्हाला? एरदा रडली हो काल. माझ्या टोपीवर हात ठेवून बसली, म्हणाली, बाबा, आता कोण पाळतं हे, खालच्या आळीतले मास्तर राहिलेच ना मुलीकडं, तुम्हीही राहा, मी मोठ्या मामांशी बोलते. जावई चांगला, तोही म्हणाला राहा. खरं आहे, आता कुणीच पाळत नाही. — रोस, तू गप, तुला कुणी विचारलं? — कुणी पाळत नाही, पण मी कसा राहू? इतर कुणी राहिला तर चालतं. मी राहिलो तर ह्या दुकानात सोंगट्या खेळणारे सगळे म्हातारे आठवडाभर हसतील. कारण ह्या गावात रीत म्हटली की माझं नाव घेतात. वाद झाला, हद्दीचा असो, वाटणीचा असो, म्हणायचे सुतान पामेनानला बोलवा. सुतान पामेनान म्हणजे मी. मी तोंड पाहून निवाडा दिला नाही कधी. स्वतःच्या दाजींनासुद्धा नाही.

दाजी म्हणजे मालिन साती, माझ्या आक्काचे यजमान. भला माणूस. कमी बोलायचे. आक्का गेली तेव्हा युलिस्मार बारा वर्षांची, देस्मा नऊ. आता भाच्यांचा मामा म्हणून घराचं बघणं माझ्याकडं, पोरी लहान, घरात कर्ती बाई नाही. शंभर दिवस झाले तरी दाजी हलेनात. पोरींच्या वेण्या घालत बसायचे पायरीवर! म्हणायचे, थोडे दिवस थांबतो, धाकटीला झोप येत नाही. आता असं थोडं थोडं करत गेलं की रीत कुठं राहते? मी गेलो. ओरडलो नाही, उगाच कुणी तसं म्हणायला नको. मी म्हणलं, दाजी, दिवस भरले, चला. त्यांच्या माहेरी तर कुणीच उरलं नव्हतं, बहिणी नाहीत, घर पडलेलं, मग सुराव होता. मी काही कंजूषपणा केला नाही पाहुणे, हे लिहून ठेवा. दुसरा असता तर घरातली फाटकी चटई दिली असती. मी बाजारातनं नवी कोरी चटई आणली, लाल काठाची, वापरलेली नाही, आणि नवी उशी. माझ्या पैशानं. युलिस्मार पायऱ्यांवर त्या चटईचं टोक धरून उभी राहिली, सोडेचना. लाल काठ आवडला असेल पोरीला. एकेक बोट सोडवावं लागलं.

आणि हो, घरामागं त्यांनी कॉफी लावली होती, तीसेक झुडपं, ऐन भरात आलेली. जाताना वळून बघत होते तिच्याकडं. मी म्हणलं, दाजी, झाडं तुमची, माती आमची — उचला झाडं नि चला. इथं, ह्याच दुकानापुढं म्हणलं. सगळे हसले. हजरजबाबी होतो मी त्या वेळी. दाजीसुद्धा हसले. थोडंसं. मग डावीकडं उतरले. पुढं दोन वर्षं होते. खोकला होता त्यांना, सुरावाच्या फळ्यांतनं तळ्याची ओल वर येते. मी जायचो ना बघायला, रोज जायचो. रोज म्हणजे — शुक्रवारी. शुक्रवारी तर सगळेच जातात. एका पहाटे बांग झाली तरी ते उठले नाहीत. पोरींना सांगायला मीच गेलो होतो. युलिस्मार फक्त म्हणाली, चटई परत आणा. आणली नाही. अशी चटई कोण परत आणतं?

घ्या ना केळी, गार होतायत.

तर झाडांचं. मी काय म्हणतो, तुम्ही आज नुसता शब्द द्या, पंधरा-वीस झाडांपुरता. पत्र्यांचं पुरे होईल तेवढ्यात. मोठ्या घराच्या मागं एक पडवी आहे, त्या कॉफीच्या बाजूला, तिला वर छप्पर नाही, लाकडं ठेवतात. तिला मी पत्रे घालून घेईन, एक बाजू फळ्यांनी बंद करीन, झालं. माझ्या हातानं करीन, कुणाला तोशीस नाही. मी निरोपच धाडला होता युलिस्मारला मागच्या आठवड्यात, की मला खोली नको, टोपी अडकवायला एक खिळा पुरे. तिनं काय सांगून पाठवलं माहितीय? मामा, काही काळजी करू नका, तुम्हीच शिकवल्याप्रमाणे सगळं रीतीनं करू. बघा! हे असं वळण लावलंय मी. दुसऱ्याच्या भाच्या असत्या तर निरोपाला उत्तरसुद्धा दिलं नसतं.

सही? सही कुणाची म्हणजे? झाडं मी लावली म्हणलं ना! हां, आता — बायकोचा भाऊ, तो कुळाचा दातुक आहे, म्हणजे प्रमुख, त्याला एक शब्द विचारावा लागेल. नुसता उपचार. तसं मी परवा विचारलं त्याला. तो म्हणाला — काय म्हणाला ते जाऊ द्या. — सांगतो, रोस, तुला काय घाई? ती सांगेलच तुम्हाला मी उठल्यावर, त्यापेक्षा मीच सांगतो. म्हणाला, भावजी, झाडं तुमची, माती आमची. पुढचं बोललाच नाही.  त्या दिवशी ह्या दुकानात सगळ्यात मोठ्यानं तोच हसला होता. चोवीस वर्षं लक्षात ठेवलं लेकानं! जुसमानियार असती तर म्हणाली असती, तुम्ही लावली, तुमचीच. म्हणायची ती. उन्हात पाणी घेऊन वर यायची आणि म्हणायची. पण आम्ही दोघंच असायचो हो तिथं, साक्षीला कोण?

माझं चुकलं कुठं, सांगू? मामानं खपायचं असतं भाच्यांच्या जमिनीत. माहेरची माती, तिथं लावलेलं बहिणीच्या लेकींना जातं, म्हातारपणी त्या विचारतात. सगळे तसंच करतात. सकाळी बायकोच्या घरनं उठायचं आणि दिवसभर बहिणीच्या शेतात राबायचं. मी काय केलं? माहेरी गेलो की पायरीवर बसून हुकूम सोडायचो, हे असं करा, ते तसं करा, आणि कुदळ घेऊन यायचो तो इकडं, हिच्या डोंगरावर. तिथं एक झाड नाही माझं. एक नाही. दोनशे बारा इथं. कारण मला ती फार आवडायची. झालं, सांगून टाकलं. मला दुपारी सुद्धा तिच्यापासनं लांब जावंसं वाटायचं नाही. रीतीच्या एवढ्या गोष्टी करणारा माणूस आणि हे असलं. कुणाला बोललो नाही आजवर. तुम्ही सालीचे व्यापारी म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही उद्या पादांगला जाल.

आल्या! त्या बघा, म्हणलं नव्हतं? वरनं उतरतायत, छत्री घेतलेली ती युलिस्मार. अगदी माझ्या आक्काची चाल. काळा झगा काय, डोईवर शाल काय, सुपारीचा डबासुद्धा घेतलाय हातात, बघा, एक गोष्ट चुकायची नाही पोरगी. रोस, बघून घे, ह्याला म्हणतात न्यायला येणं! गाठोडं द्या ते इकडं. टोपी सरळ आहे ना माझी? मागनं देस्मा. तिच्या डोक्यावर काय आहे ते? शिधा असेल. लांबट आहे. केळीचा घड — नाही, घड असा गुंडाळलेला नसतो.

मोठ्या घरात चटया ढिगानं पडल्यात. माळ्यावर गठ्ठाच आहे, आक्कानं विणलेल्या. घरी न्यायच्या माणसासाठी चटई वाहून कशाला आणायची?

लाल काठ आहे.

तुम्ही निघा आता पाहुणे. नाही, झाडांचं माझ्याशी काही बोलू नका, माझं नाव लिहू नका कुठं. पानं हिरवी झाली की या आणि एरदाला विचारा, ते समोरचं घर. झाडं चांगली आहेत, भाव पाडू नका तिच्यापुढं. काढा राहू द्या तसाच. — हो ग पोरींनो, आलो, आलो. दे ती माझ्याकडं, देस्मा, तुला जड होईल. नवी आहे ना ही? हां. नवीच आहे. — तुम्ही अजून बसलात? जा म्हणतो ना.