नवव्या मजल्यावरची नात

इस्पितळात लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे दोन बहिणी उभ्या होत्या.

"ताई, जिन्याने जाऊ या का? मी येते सोबत."

"नऊ मजले? लिफ्टनेच जायचं."

"अगं, गेल्या वर्षी लिफ्टचं दार बंद झालं आणि तू केवढी किंचाळलीस!"

"तेव्हा वाटलं, आता मी मरणार. सहा महिने समुपदेशक बाईंकडे उगाच गेले का?"

"नुसतं बोलून भीती जाते होय?"

"नुसतं बोलत नाही. आधी आठवडाभर लिफ्टसमोर फक्त उभी राहिले. मग त्यांच्याबरोबर एक मजला, मग दोन. धडधडायला लागलं तरी पळायचं नाही. धडधड वाढते आणि आपोआप उतरते, हे मी स्वतः अनुभवलंय."

"म्हणजे आता भीती वाटत नाही?"

"वाटते की! आत्ताही धडधडतंय."

"मग राहू दे ना. चार दिवसांनी लेक बाळाला घेऊन घरी येईलच."

"चार दिवस? नात सकाळी झालीये, मला आत्ता बघायचीये. चल, आली लिफ्ट."

दार बंद झालं. पाचवा मजला आला.

"ताई, बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. तू माझा दंड सोड आधी, नखं रुतताहेत."