मालकाचा रकाना

प्रदर्शनात सॉफ्टवेअरचा स्टॉल मागायला पाइप विकणारा माणूस का गेला, ते सांगतो. द्वारका चौकातल्या माझ्या दुकानात बिलं निघतात ती एका मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर. ते बनवणारी मंडळी नोकरी सांभाळून हौसेनं हे काम करतात. त्यांच्यातल्या अंबडच्या सोनवणे मॅडम मला म्हणाल्या, "काका, अर्जाचा आज शेवटचा दिवस. ऑफिसातल्या माणसांशी आमचं काही जमत नाही, तुम्ही चला."

प्रदर्शनाच्या ऑफिसात खिडकीतल्या खैरनार भाऊसाहेबांनी अर्ज पाहिला. "मालकाचं नाव राहिलंय."

"मालक नाहीये," मॅडम म्हणाल्या. "ते सगळ्यांचं आहे."

"मग सगळ्यांच्या सह्या आणा."

"जगभर पसरलेत हो ते."

"रकाना रिकामा असला की स्टॉल मिळत नाही, मॅडम."

मी पुढं झालो. "भाऊसाहेब, तुमच्या गल्लीतल्या गणपतीचा मालक कोण?"

"त्याला कसला मालक? सार्वजनिक आहे तो."

"हेही तसंच. चार जण राबतात, लाभ सगळ्यांना."

"असं आधी सांगायचं ना," म्हणत त्यांनी त्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि शिक्का मारला. मॅडमना हायसं वाटलं, मीही जरा फुशारलो.

प्रदर्शनाच्या दिवशी कॉम्प्युटरवाल्यांच्या रांगेत आमचा स्टॉल कुठेच दिसेना. शेवटी सापडला तो धूप-अगरबत्तीच्या रांगेत. आम्ही लॅपटॉप मांडतोय तोच एक आजी चपला बाहेर काढून आत आल्या आणि म्हणाल्या, "दर्शन कधी सुरू होणार?"