चार चाकांची स्कूटर

कोराडी रस्त्यावरच्या नव्या नंबरपाट्या बसवणाऱ्या दुकानात माझ्यापुढे एक जोडपं होतं. काका स्कूटरवरच बसलेले, पँटची डावी बाजू गुडघ्याशी दुमडलेली. स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक जोडलेलं. काकू शेजारी त्यांची कुबडी धरून उभ्या. दुकानातला पोरगा हातात पाटी घेऊन थबकला.

"काका, कागदावर दोन चाकं हायत, इथं चार दिसून राहिले. पाटी लावल्यावर गाडीचा फोटो सरकारी साइटवर टाका लागते, तो नामंजूर होऊन परत येते."

"पाय गेल्यावर लावले गा. एकट्याले फिरता येते."

"मंग आधी आरटीओ कार्यालयात त्या चाकांची नोंद करून आणा."

"तिथूनच आलो. ते म्हणते, नवी पाटी लावून आणा, मंग नोंद करतो."

"अरे बाप्पा, तुम्ही दोघं एकमेकाले फोन तरी करा!" काकू म्हणाल्या.

"केला होता काकू. ते उचलत नाही."

"चाकं लागले त्या दिवशी हे एकटेच जाऊन तर्रीपोहे खाऊन आले, भाऊ. मले विचारलं बी नाही. इतका आनंद झाला मले."

"चाकं काढले त पाटी लावशीन?" काकांनी विचारलं.

"लावतो ना. पण नोंदीले न्यायले पुन्हा जोडले अन् रस्त्यात पकडले, त गाडी जप्त करतीन."

"काढ."

"अवो, काहून? घरी कसे जासान?"

"आटोनं जाऊ."

"अन् उद्या?"

"उद्या गाडीले पाटी राहीन ना वं. तू पुसून ठेवत जा."