उन्हात तापवलेले सेल

तुम्हाला खोटं वाटंल, पण बहिणीच्या लग्नात, गेवराईला, मी मेलेला कॅमेरा जिवंत होताना पाहिलाय. आमच्या गोतात पहिला डिजिटल कॅमेरा माझा. त्यात चार पेन्सिल सेल. सकाळपासून ज्याला-त्याला फोटो दाखवत फिरलो, अन् नेमकी शेवटची मंगलाष्टका सुरू झाली तेव्हा कॅमेरा बंद! हार घालायचा क्षण काय पुन्हा येतोय?

आमचे मामा म्हणाले, "रेडिओचे सेल उन्हात तापवतो का न्हाई आपण? टाक की बे पत्र्यावर!"

"तोवर लग्न लागंल, मामा!"

"कसं लागंल? गुरुजी, थांबा. आत्याबाईला मंगलाष्टका म्हणायची हाय अजून!"

आत्या झाली, मावशी झाली, चुलती झाली. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. शेवटी चटका बसणारे सेल मी कॅमेऱ्यात घातले. सगळा मंडप श्वास रोखून उभा. भिंग घर्र करत बाहेर आलं, अन् साऱ्या वऱ्हाडानं एका सुरात आरोळी ठोकली, "शुभमंगल सावधान!"

फोटो एकच निघाला. त्यात नवरा-नवरीच्या अंगावर एक अक्षता न्हाई. अक्षता सगळ्या कॅमेऱ्यावर येताना दिसतात.