एलादियो पळाला हो!

...नाही, लावा ना गाणं, लावा! अख्खं कार्ताहेना शहर नाचतंय, तुम्ही कशाला मागे राहता? फक्त एक ऐकून घ्या. त्या गाण्यातला एलादियो म्हणजे मी. पंखे दुरुस्त करणारा एलादियो. आणि तुम्हाला सांगतो, मी कुठ्ठेही गेलो नव्हतो!

मुळात ते गाणं आपलं नव्हेच. खलाशांनी आफ्रिकेहून तबकडी आणली, आमच्या वस्तीतल्या भोंगेवाल्यानं ती घेतली आणि दुसऱ्या कुणाला सापडू नये म्हणून वरचं नाव खिळ्यानं खरवडून काढलं. झालं! कोण गातंय, काय गातंय, कुणाला पत्ता नाही. भिंतीएवढे भोंगे, त्यातून बाया गातायत, ‘एला-दियो-ए, एला-दियो-ए...’ लोक म्हणाले, अरे, हा तर आपला एलादियो! मीही खूश. बिअर फुकट मिळायची, खोटं कशाला बोलू?

मग एक मोठा बँडवाला नाचायला आला. चाल ऐकली, उचलली, तुताऱ्या घातल्या आणि स्पॅनिशमध्ये शब्द बसवले. काय शब्द? ‘एलादियो पळाला हो, बायको रडते चुलीपाशी!’ अरे मेल्या, पळाला काय? का? कुणाबरोबर? रेडिओवर तेच, बसमध्ये तेच, बाप्तिस्म्याच्या जेवणातसुद्धा तेच!

आणि माझी नुरीस! बिचारी बाजारात गेली की मासेवाली दोन मासे जास्त टाकायची आणि उसासा सोडायची. शेजारची तोमासा तर सूप घेऊन घरी आली. ‘रड गं पोरी, मोकळी हो. पुरुषाची जात!’ आणि मी तिथंच, टेबलाशी, भात खातोय! म्हटलं, ‘तोमासाबाई, मी इथंच आहे.’ तर माझ्याकडे बघून नुरीसला म्हणते, ‘ह्याला लाज नाही, बघ.’

सासूबाई त्यांच्या गावाहून, सान ओनोफ्रेहून, गाठोडं घेऊन हजर. ‘मी सांगितलं होतं, पंखेवाल्याच्या नादी लागू नकोस. वाऱ्यावरच सोडणार तो!’ अहो सासूबाई, मी कुठ्ठेही गेलो नव्हतो!

मग मीही पेटलो. जिथं गाणं वाजेल तिथं जायचं आणि सांगायचं. हा कोपरा, तो कट्टा, बंदर, कोंबड्यांच्या झुंजी... ‘मी एलादियो! बघा, इथं आहे!’ लोक टाळ्या वाजवायचे. शेवटी बंदरावर एक आफ्रिकन आचारी भेटला, लान्सिने. भोंगेवाल्याकडे नेऊन खरवडलेली तबकडी ऐकवली तर त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, ‘ही आमच्याकडची भाषा. हे नाव नाही, दादा. आई मुलाला हाक मारतेय... घरी ये, अंधार पडला.’

मी त्याला ओढतच घरी आणला. नुरीस दारात. म्हटलं, ‘सांग हिला! पळाला नाही, घरी ये म्हणतायत!’ त्यानं सांगितलं. नुरीसनं त्याला नारळाचा भात वाढला, पाणी दिलं, आणि तो गेल्यावर माझ्यासमोर बसली.

‘तू पळालास असं मला कधी वाटलंच नव्हतं रे. पण गाणं आल्यापासून एक तरी संध्याकाळ घरी होतास? गावभर सांगत फिरतोस, मी गेलो नाही, मी गेलो नाही. मला येऊन कधी सांगितलंस?’

सकाळी ती आईबरोबर सान ओनोफ्रेला निघून गेली. मागे मी, तिचा रिकामा झोपाळा आणि छतावरचा पंखा. घर एवढं मोठं आहे, हे मला तेव्हा कळलं.

आठवडाभरानं गेलो तिकडे. सासूबाईंनी बसायलाही सांगितलं नाही. मी आपला अंगणात उभा. तेवढ्यात शेजारच्या रेडिओवर... तेच! सासूबाई मुद्दाम मान डोलवायला लागल्या. मी मुठी आवळल्या, ओठ चावले, पण हललो नाही हो. नुरीस बघत होती. गाणं संपलं. म्हणाली, ‘काही सांगायचं नाही कुणाला?’

म्हटलं, ‘तुलाच सांगायला आलोय. करमत नाही गं.’

ती आत गेली आणि गाठोडं बांधून बाहेर आली.

बसमधून उतरलो, तिनं माझा दंड घट्ट धरलेला, आणि समोर कोण? तोमासा! अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘अगंबाई! नुरीसनं नवरा शोधून आणला गं!’ लोक धावत बाहेर आले. मी नुरीसकडे बघतोय... बाई, बोल काहीतरी, तूच साक्षीदार!

तर ती घाम पुसत म्हणते, ‘हो ना, फार लांब गेला होता.’

मग मी काय केलं? मुकाट्यानं गाठोडं उचललं आणि चालायला लागलो तिच्या मागे.